अठराव्या पायरीपर्यंत

वाल्पराइसोत टेकड्याच एवढ्या,
की सपाट चालायचं तर समुद्रावरूनच चालावं लागेल.
मी नोल्बेर्तो. सत्तावीस वर्षं या खिडकीत बसून
लाकडी डब्याची तिकिटं फाडतो.
दोराला टांगलेला एक डबा कुरकुरत वर जातो,
दुसरा कुरकुरत खाली येतो,
आणि शेजारून, माझ्या पोटावर पाय देत,
जिना चढतो.
एकशे बासष्ट पायऱ्या.

जानेवारीत आमच्याकडे उन्हाळा.
एकतीसच्या मध्यरात्री बारा ठोक्यांना बारा द्राक्षं गिळून
लोक रिकामी बॅग घेऊन गल्लीला फेरी मारतात,
वर्षभर प्रवास घडावा म्हणून.
त्या फेरीतच, खाडीवर फटाके फुटत असताना,
कुणीतरी शपथ घेतं :
उद्यापासून जिना.

एक तारखेला माझा गल्ला उपाशी.
नवे बूट, नव्या बाटल्या, दोन दोन पायऱ्या एकदम.
वर पोचले की मला हात हलवतात, गड जिंकल्यासारखे.
मीही हलवतो. मला कसली घाई?
नव्याचे नऊ दिवस.
दहाव्या दिवशी बेकरीवाला लाउतारो
खिशातली चिल्लर चाचपत खिडकीशी :
"आज गुडघा जरा..."
गुडघ्याची चौकशी मी कधीच करत नाही.
निमूट तिकीट फाडतो.

एर्मिंदा आली ती मार्चात. साध्या मंगळवारी.
बासष्टी ओलांडलेली, चेनदुरुस्तीचं दुकान,
हातात कांद्यांची पिशवी.
अठरा पायऱ्या चढली.
पहिल्या वळणावर भिंतीवर कुणी निळा ऑक्टोपस रंगवलाय,
त्याच्या एका हाताला हात लावला,
वळली, खाली आली,
आणि माझ्याकडे तिकीट मागितलं.
वाटलं, काही विसरली असेल.
बुधवारी तेच. गुरुवारी तेच.
शुक्रवारी मी खदाखदा हसलो.

"हस," ती म्हणाली,
"तेवीस वर्षं मी वरपर्यंतची शपथ घेतली, नोल्बेर्तो.
वरपर्यंतची शपथ वरच राहते.
ही ऑक्टोपसपर्यंतचीच.
एवढीशी मोडायची तर
मलाच लाज वाटेल."

जूनच्या पावसात छत्री घेऊन आली.
सर्दी झाली तेव्हा शिंकत आली.
अठरा, ऑक्टोपस, खाली, तिकीट.
कधीकधी मात्र खाली यायची नाही.
मला ते गल्ल्यावरून कळायचं, रात्री हिशेब करताना,
शंभर पेसो कमी.

ऑगस्टात पाय मुरगळला.
एकोणीस दिवस जिन्यावर फक्त मांजरं.
मी मनात म्हटलं, संपलं,
हीसुद्धा शेवटी आरंभशूरच.
विसाव्या दिवशी आली. लंगडत.
नवी शपथ नाही, गेलेल्या दिवसांचं सुतक नाही,
सोमवारपर्यंत थांबणंही नाही.
अठरा. ऑक्टोपस. खाली.
"एक तिकीट."

नोव्हेंबरात विचारलं,
आतापर्यंत पूर्ण जिना किती वेळा?
"ते कुठे मोजलंय?
मी ऑक्टोपस मोजते."
वरचं सगळं तिच्या लेखी वरकड.
जिन्याचं वळण अंगाला कधी लागलं,
तिचं तिलाही कळलं नसावं.

परवा डॉक्टरीणबाईंनी मला कागद दाखवला,
साखरेचा आकडा लाल शाईत.
मी खिडकीकडे बोट दाखवलं :
सत्तावीस वर्षं बसून काढली, बाई.
ती काहीच बोलली नाही.
तेच जास्त लागलं.

काल शेवटचा डबा वर पाठवून
खिडकी लावली. तारीख कुठलीशी, तेरा की चौदा.
द्राक्षं नाहीत, बॅग नाही, बघायला कुणी नाही.
सोळाव्या पायरीवर धाप लागली.
अठराव्या पायरीवर अंधारात हात चाचपडला,
ऑक्टोपसचा एक हात सापडला.
रंग तिथे उडालाय,
बरोबर एर्मिंदाच्या उंचीवर
भिंत गुळगुळीत.

खाली आलो.
स्वतःलाच एक तिकीट फाडून दिलं,
शंभर पेसो गल्ल्यात टाकले,
आणि डबा तर केव्हाच वर गेलेला.